धुणं एक काम, वाळवणं दुसरं

बडनेरा-अमरावती भागात कपडे वाळवण्याचा प्रश्न वर्षभर सारखा नसतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांकडे जातो, हवा ठणठणीत कोरडी असते आणि गच्चीवरच्या तारेवर टाकलेली सुती चादर बघता बघता कडक होते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच चादर दोन-दोन दिवस दमट राहते, तिला कुबट वास धरतो आणि घरभर दोऱ्या बांधाव्या लागतात. या पावसाळी अडचणीवर उपाय म्हणून धुणं आणि वाळवणं एकाच ड्रममध्ये करणारी वॉशर-ड्रायर मशीन वऱ्हाडातल्या घरांतही येऊ लागली आहे. मशीन उपयोगाची आहे, हे आधीच सांगतो. पण तिचे बहुतेक धोके, तिच्यामुळे फुगणारं वीजबिल आणि तिच्याविषयीच्या बहुतेक तक्रारी एकाच समजुतीतून येतात: एकदा कपडे टाकून बटण दाबलं की कोरडे कपडे काढेपर्यंत ते सगळं एकच काम आहे. ड्रम एक असला तरी कामं दोन आहेत. धुण्याचे नियम पाण्याचे आणि साबणाचे, वाळवण्याचे नियम उष्णतेचे आणि आगीचे. या दोन कामांमध्ये थांबून निर्णय घ्यायची सवय ज्या घराला लागली, त्या घरी ही मशीन सुरक्षितही राहते आणि टिकतेही.

हे पटायला मशीनच्या आत काय चालतं ते पाहावं लागेल. परदेशात पुष्कळ घरांत वेगळा ड्रायर असतो, आणि त्यातल्या अनेकांतली दमट गरम हवा मोठ्या नळीने घराबाहेर जाते. आपल्याकडच्या एकत्र मशीनला अशी नळी नसते. वरच्या बाजूला एका बंद मार्गात हीटर आणि पंखा असतो. गरम हवा ड्रममधल्या ओल्या कपड्यांतून फिरते, वाफ घेऊन बाहेर पडते, मागच्या बाजूच्या थंड भागात त्या वाफेचं पाणी होतं, आणि कोरडी झालेली तीच हवा पुन्हा हीटरकडे जाते. पुष्कळ मशीनमध्ये हा भाग थंड ठेवण्यासाठी नळाचं पाणी बारीक धारेने सोडलेलं असतं. म्हणजे उष्णता, ओलावा आणि कपड्यांतून सुटलेले तंतू हे तिन्ही एका बंद चक्रात फिरत राहतात. धुताना गडबड झाली तर फार तर कपडे मळकट निघतात किंवा फरशीवर पाणी येतं. वाळवताना गडबड झाली तर ती या बंद चक्रात, तापलेल्या हीटरजवळ होते.

पहिला निर्णय वजनाचा. मशीनवर दोन आकडे लिहिलेले असतात, उदाहरणार्थ धुण्यासाठी ८ किलो आणि वाळवण्यासाठी ५ किलो. दुकानात मोठा आकडा सांगितला जातो आणि घरी तोच लक्षात राहतो. ओल्या कपड्यांना उलटून-पालटून पडायला, त्यांच्यामधून हवा जायला मोकळी जागा लागते, म्हणून वाळवण्याची क्षमता धुण्यापेक्षा बरीच कमी असते, अनेकदा निम्मी किंवा थोडी जास्त. ८ किलो कपडे धुऊन ते सगळे तसेच वाळवायला लावले तर बाहेरचे कपडे करपल्यासारखे होतात, मधला गोळा ओलाच राहतो, आणि मशीन तासन् तास तापत राहते. म्हणून धुणं झालं की दार उघडा. जाड टॉवेल, जीनची पँट, चादर बाहेर काढून दोरीवर टाका आणि आत फक्त तेवढेच कपडे ठेवा जे आज वाळलेले हवेतच. टॉवेल आणि पातळ कुर्ता एकत्र वाळवू नका. कुर्ता आधी वाळून आटतो आणि टॉवेल ओला राहतो. लोकर, रेशीम, जरीची साडी या मशीनमध्ये वाळवायची नाहीत, आणि गोधडी तर तिच्या वजनामुळेच बाद होते.

विजेचा हिशेबही याच टप्प्यावर ठरतो. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६५ युनिट ऊर्जा लागते. हा निसर्गाचा हिशेब आहे, कोणत्याही कंपनीला तो टाळता येत नाही. चार किलो सुती कपडे १२०० ते १४०० फेऱ्यांच्या वेगाने पिळले गेले तर त्यांत साधारण दोन लिटर पाणी उरतं. ८०० फेऱ्यांवर पिळले तर पावणेतीन लिटरच्या आसपास. म्हणजे नुसत्या वाफेसाठी एका वेळी सव्वा युनिट, दुसऱ्या वेळी पावणेदोन, आणि हीटरच्या मशीनमध्ये वाया जाणारी उष्णता धरली तर प्रत्यक्षात याच्या दुपटीच्या आसपास. पिळण्याचा खर्च या तुलनेत अगदी किरकोळ असतो. म्हणून वाळवण्याआधी सगळ्यात जास्त वेगाने, हवं तर दोनदा, पिळून घ्या. महिन्यात पंचवीस वेळा वाळवलं आणि प्रत्येक वेळी तीन युनिट गेले तर ७५ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरांची पायरी १०० आणि ३०० युनिटांवर बदलते. घराचा वापर या सीमेच्या जवळ असेल तर हे ७५ युनिट वरच्या, महाग पायरीत जाऊन बसतात. पावसाळ्यात मला सगळ्यात योग्य वाटतो तो मधला मार्ग: कपडे खोलीत पंख्याखाली चार-पाच तास टाका, अर्धा ओलावा तिथे जाऊ द्या, आणि उरलेला अर्धा मशीनमध्ये अर्ध्या-पाऊण तासात काढा. कुबट वासही धरत नाही आणि वीजही जवळपास निम्मी लागते.

पाण्याची गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, कारण वाळवायला पाणी लागेल असं कुणाला वाटत नाही. पाण्याने थंड होणाऱ्या मशीनमध्ये दोन लिटर वाफेचं पाणी करायचं तर तिची उष्णता कुणीतरी वाहून न्यावी लागते. आत येणारं पाणी ३० अंशांनी तापून बाहेर पडलं तर साधारण ३५ ते ४० लिटर पाणी लागतं. तेच १५ अंशांनी तापलं तर ७५ लिटरच्या घरात. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हात पोळेल इतकं गरम असतं, म्हणजे ते आणखी फार उष्णता घेऊ शकत नाही. त्या दिवसांत मशीन जास्त पाणी पिते, जास्त वेळ चालते आणि कपडे दमटच देते. अमरावती-बडनेऱ्याला अप्पर वर्धा धरणाचं पाणी येतं. ज्या घरी नळ एक दिवसाआड येतो, तिथे उन्हाळ्यात हे पाणी कपडे वाळवण्यात घालवणं मला अजिबात पटत नाही. बाहेर फुकटचं ऊन असताना तर नाहीच. आणखी एक साधी चूक: धुणं संपलं असं समजून पुष्कळजण मशीनची तोटी बंद करतात. वाळवणं चालू असताना तोटी बंद असेल तर वाफेचं पाणी होत नाही, मशीन एरर दाखवते किंवा कपडे वाफाळलेले, ओले निघतात, आणि बिघाड समजून मेकॅनिकला बोलावलं जातं. पाण्याचा दाबही तपासा. दहा मीटर उंचीवरचं पाणी साधारण एक बार दाब देतं. एकमजली घरात टाकी आणि मशीनचा नळ यांत अडीच-तीन मीटरचंच अंतर असतं, म्हणजे पाव बारच्या थोडा वर. अनेक पुस्तिकांत किमान दाब यापेक्षा जास्त मागितलेला असतो. अशा घरी टाकी उंच करणं किंवा छोटा प्रेशर पंप बसवणं याला पर्याय नाही.

आता वीजजोडणी. धुण्याच्या मशीनसाठी वापरात असलेला प्लग वॉशर-ड्रायरला चालेलच असं नाही. वाळवणारा हीटर दोन हजार वॉटचा धरला तर तो साधारण पावणेनऊ अँपिअर खेचतो आणि तेही बराच वेळ. ६ अँपिअरचा साधा प्लग, एक्स्टेन्शन बोर्ड किंवा थ्री-पिन काढून लावलेला जोड यांवर हा भार टाकणं म्हणजे भिंतीतल्या वायरला हीटर बनवणं. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉवर प्लग, त्याला थेट बोर्डातून आलेली जाड तांब्याची वायर आणि स्वतःची एमसीबी हवी. जुन्या घरांत अ‍ॅल्युमिनियमची वायरिंग असेल तर आधी ती बदला, मशीन नंतर आणा. बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. तुटलेल्या वायरमुळे मशीनच्या पत्र्यात करंट उतरला तर माणसाचा जीव वाचवणारी वस्तू तीच. अर्थिंगबाबत वऱ्हाडात एक खास काळजी आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खोलवर कोरडी होते, आणि कोरड्या मातीत अर्थिंगचा रोध वाढतो. पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग मे महिन्यात नाममात्र उरतं. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी टाका आणि दर एक-दोन वर्षांनी जाणत्या वायरमनकडून ते मोजून घ्या. व्होल्टेज पडत असेल तर वाळवू नका. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर हीटरची ताकद साठ टक्क्यांवर येते, कपडे वाळायला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ मोटर व सर्किट ताणाखाली राहतात. घरच्या इन्व्हर्टरवर वाळवणं तर कधीच नाही.

इथून पुढचं आगीविषयी आहे, आणि लेखाचा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. कापूस किती चटकन पेटतो हे वऱ्हाडातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. जिनिंगमध्ये एक ठिणगी पडली की गंजीच्या गंजी जातात. कपड्यांतून सुटणारा भुगा तोच कापूस आहे, फक्त आणखी बारीक आणि आणखी कोरडा. तो हीटरच्या मार्गात साचतो, हवेचा रस्ता अरुंद करतो, हीटर जास्त तापतो आणि तापलेल्या हीटरजवळच तो भुगा असतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा आढावा घेतला तेव्हा तिथल्या घरांत कपड्यांच्या ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २९०० आगी लागत असल्याचा अंदाज निघाला, आणि सर्वांत मोठं कारण होतं साफसफाई न करणं, ३४ टक्के. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात एका अठरामजली इमारतीच्या सातव्या मजल्यावर आग लागली, तीही ड्रायरमुळे. त्या प्रकारच्या ड्रायरमध्ये साचलेला भुगा हीटरला लागू शकतो, हा दोष आधीच जाहीर झालेला होता. यावर कुणी म्हणेल की ही उदाहरणं वेगळ्या ड्रायरची आहेत, आपल्या मशीनमध्ये पाणी असतं. हे खरं आहे. एकत्र मशीनमध्ये बराच भुगा थंड करणाऱ्या पाण्याबरोबर वाहून जातो आणि धोका त्या प्रमाणात कमी होतो. पण सगळा जात नाही. पाण्यात क्षार असतील तर त्या मार्गाच्या भिंतींवर खडबडीत थर बसतो आणि त्या थरात भुगा अडकून राहतो. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा बडनेऱ्याच्या शेजारच्या भातकुली, दर्यापूर भागापासून अकोल्यापर्यंत पसरलेला आहे. तिथलं आणि अनेक ठिकाणचं बोअरचं पाणी जड असतं. अशा पाण्यावर चालणाऱ्या मशीनला परदेशी पुस्तिकेतल्यापेक्षा जास्त वेळा साफ करणं भागच आहे.

भुग्याइतकाच मोठा आणि त्याहून अपरिचित धोका तेलाचा आहे. जवस, करडई, सोयाबीन, सूर्यफूल ही आपल्या रोजच्या वापरातली तेलं हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावतात आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. जवसाचं तेल यात सगळ्यात पुढे. तारेवर पसरलेल्या कपड्यातली ही उष्णता वाऱ्यावर निघून जाते. पण तेलकट हातपुसणं, मालिशचे टॉवेल किंवा तळणाच्या दिवशीचं फडकं ड्रायरमध्ये तापवलं आणि गरम असतानाच घडी करून ढीग लावला, तर उष्णतेला बाहेर जायला वाट राहत नाही. तापमान वाढतं, क्रिया आणखी वेगाने होते, आणि काही तासांनी, ठिणगी नसताना, तो ढीग पेटू शकतो. मशीन बंद आहे, कपडे कपाटात आहेत, तरीही. धुतल्यावर तेल गेलंच असेल असं समजू नका. थंड पाण्यात आणि थोड्या साबणात बरंच तेल धाग्यात राहतं. असे कपडे गरम पाण्यात, जास्त पावडर टाकून धुवा आणि वाळवायला मात्र उन्हातच टाका. डाग काढायला पेट्रोल, रॉकेल, टर्पेंटाईन किंवा थिनर वापरलेला कपडा तर मशीनच्या जवळही नेऊ नका. त्याची वाफ बंद ड्रममध्ये साठते. बडनेरा रेल्वेचं जंक्शन आहे, इथे वॅगन दुरुस्तीचा कारखाना आहे, आणि गॅरेजमध्ये काम करणारीही घरं पुष्कळ आहेत. ग्रीस आणि डिझेलचे कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुऊन तारेवर वाळवायचे, हा नियम त्या घरांनी करून टाकावा. फोमची उशी, रबराचं अस्तर असलेलं पायपुसणं, रेनकोट, प्लॅस्टिकचं अस्तर असलेली बाळाची दुपटी यांनाही वाळवण्यात जागा नाही. फोम रबर तापलं की तेही स्वतःहून पेटू शकतं.

फवारणीच्या कपड्यांविषयी वेगळं सांगणं मला आवश्यक वाटतं. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कीटकनाशक कपड्यांतून त्वचेत शिरतं, आणि घरच्या धुण्यात मिसळलं तर मुलांच्या कपड्यांतही जातं. फवारणीचे कपडे त्याच दिवशी, हातमोजे घालून, वेगळे धुवा. पाणी भरपूर आणि गरम घ्या, ड्रम अर्धाच भरा. नंतर रिकामी मशीन पावडर टाकून एकदा चालवा. हे कपडे मशीनमध्ये कधीच वाळवू नका. बंद चक्रातल्या भुग्यात ते औषध साचून पुढच्या कपड्यांना लागतं, आणि बाहेरच्या उन्हात त्याचा काही अंश नाहीसा होतो तो फायदाही जातो. औषधाची बाटलीच अंगावर सांडली असेल तर तो कपडा धुण्याचा विचार सोडून द्या, तो टाकून द्यायचा असतो.

वाळवणं अर्धवट तुटणं हा पुढचा मुद्दा. प्रत्येक वाळवणीच्या शेवटी मशीन काही मिनिटं हीटर बंद ठेवून कपडे फिरवते, म्हणजे ते थंड होतात. घाई झाली म्हणून मध्येच बंद केली, किंवा पावसाळ्यात नेहमी होतं तसं लाईन गेली, तर तापलेले कपडे एकमेकांवर दाबून बंद ड्रममध्ये राहतात. दार उघडता येईल तेवढ्या लवकर ते सगळे काढा आणि सुटे पसरवा. एकही कपडा गोळा करून ठेवू नका. मशीन तापलेली असेपर्यंत दाराचं कुलूप सुटत नाही, ते ओढून तोडू नका, थोडं थांबा. लाईन परत आली की आधी कपडे पाहा, मग ठरवा. यावरूनच दुसरा नियम निघतो: वाळवणं सुरू असताना घरात जागं माणूस हवं. रात्री झोपताना लावून सकाळी कोरडे कपडे काढायचे, ही या मशीनची सगळ्यात आकर्षक सोय आहे आणि मी तीच सोडायला सांगतो आहे. विजा कडाडत असतील तर प्लगच काढून ठेवा.

इथे एक आक्षेप रास्त आहे. दोघंही नोकरीवर, त्यात रेल्वेची फिरती पाळी, घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेले वडीलधारे, आणि फ्लॅटला गच्ची नाही. अशा घराला ऊन बघा, थांबा, वेगळं करा हे सांगणं सोपं आणि करणं अवघड. त्या घराची ओढाताण मी खोटी मानत नाही. म्हणूनच मी वाळवणं सोडा असं म्हणत नाही, धुणं आणि वाळवणं सुटं करा म्हणतो. धुणं रात्री लावता येतं, त्यात आगीची जोखीम फारच थोडी. सकाळी उठून पाच मिनिटांत निवड करा आणि जे गरजेचं आहे, बाळाचे कपडे, गणवेश, आजारी माणसाच्या चादरी, तेवढंच डोळ्यांसमोर वाळवा. एकूण श्रम वाढत नाहीत, फक्त त्यांची वेळ बदलते. दुसरा आक्षेप नव्या मशीनचा: आता ओलावा मोजणारे सेन्सर असतात, कमी तापमानावर चालणारे हीट पंप असतात, मग भीती कशाला? हीट पंपची मशीन वीज खरोखरच पुष्कळ कमी घेते आणि कपडेही कमी तापवते. घेताना पैसे असतील तर मी तीच घ्या म्हणेन. पण सेन्सर ओलावा मोजतो, तेल मोजत नाही, आणि खिशातलं लायटर त्याला दिसत नाही.

खिसे म्हणूनच रोज तपासायचे. लायटर, काडीपेटी, खर्र्याची पन्नी, पेन, नाणी, केसांच्या पिना, कुणाच्या जॅकेटमधली पॉवर बँक. वितळलेली पन्नी ड्रमला चिकटते, पिना पंपात जातात, आणि लायटर किंवा बॅटरी तापलेल्या ड्रममध्ये फुटू शकते. घरात लहान मूल असेल तर चाइल्ड लॉक नेहमी लावलेलं हवं आणि समोरचं दार उघडं ठेवायच्या वेळी त्या खोलीचं दार बंद हवं. पाणी भरलेली मशीन तर क्षणभरही मुलांजवळ सोडू नये. २०१७ मध्ये दिल्लीच्या रोहिणी भागात तीन वर्षांची जुळी भावंडं पाणी भरलेल्या धुण्याच्या मशीनमध्ये बुडून गेली.

साफसफाईचं वेळापत्रक मोठं नाही. प्रत्येक वेळी काम संपलं की दाराभोवतीच्या रबराच्या घडीत ओलं फडकं फिरवा. तिथे भुगा आणि पाणी साचतं आणि वास तिथूनच येतो. दार काही तास उघडं ठेवा. चार-पाच वेळा वाळवून झाल्यावर एकदा रिकामी मशीन खळबळण्या-पिळण्यावर चालवा, आतला सुटा भुगा वाहून जातो. महिन्यातून एकदा खालच्या कोपऱ्यातली झडप उघडून पंपाचा फिल्टर काढा. आधी मशीन बंद करून थंड होऊ द्या आणि छोट्या नळीतून पाणी परातीत काढा, नाहीतर गरम पाणी पायावर येईल. वाळवण्यासाठी वेगळी जाळी असेल तर ती प्रत्येक वेळी. जड पाण्याच्या भागात दोन-तीन महिन्यांनी कंपनीचा डिस्केलर किंवा पुस्तिकेत चालतं असं लिहिलं असेल तर लिंबूसत्व टाकून, रिकामी, गरम पाण्यावर चालवा. पावडर कमी फेसाचीच वापरा. जास्त फेसामुळे कपडे नीट खळबळत नाहीत आणि उरलेला साबण भुग्याला चिकटवून ठेवतो. बसवताना वाहतुकीचे बोल्ट काढले आहेत का पाहा, चारही पाय फरशीला टेकवा, आणि मशीन लाकडी कपाटात कोंडू नका, मागे-बाजूला हवा खेळू द्या. पावसाळ्यात उंदीर खालच्या उघड्या भागातून आत शिरून वायर कुरतडतात. तिथे जाळी किंवा पत्रा लावून घ्या आणि महिन्यातून एकदा, प्लग काढून, टॉर्चने मागची केबल पाहा. दर वर्षी, शक्यतो मे अखेरीस, म्हणजे वाळवण्याचा हंगाम सुरू होण्याआधी, कंपनीच्या माणसाकडून वरचा हवेचा मार्ग उघडून साफ करून घ्या. हे काम घरी करायचं नाही. तो येईल तेव्हा नुसता ड्रम पुसून जाऊ देऊ नका, हीटरजवळचा भुगा काढला का, हे समोर उभं राहून विचारा.

कपडे पूर्वीपेक्षा जास्त वेळ ओले राहू लागले, दाराची काच हात लावता येणार नाही इतकी तापली, एमसीबी वारंवार पडू लागली किंवा करपल्याचा वास आला, तर वाळवणं त्याच दिवसापासून बंद. धुणं चालू ठेवायचं की नाही हे मेकॅनिकने पाहून सांगू द्या. धूर दिसला तर दार उघडायचं नाही, कारण बाहेरची हवा आत गेली की धुमसणारा कपडा भडकतो. बोर्डावरची एमसीबी पाडा, वीज चालू असताना पाणी टाकू नका, घरातल्यांना बाहेर काढून खोलीचं दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा. अग्निशमनची गाडी येऊन तपासेपर्यंत, धूर थांबला असं वाटलं तरी, मशीनचं दार उघडू नका.